तिथे तुम्ही विषय का बदललात?

आमच्या इमारतीतल्या एका मुलीने मध्यंतरी मला तिच्या वहीतलं एक पान दाखवलं. एकच पान, आणि तेही नाव, गाव, वस्ती सगळं हाताने झाकून. "काका, बाकीचं नाही दाखवता येणार," म्हणाली. मुलगी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. सकाळी मरोळ नाक्याच्या मेट्रोत ती दिसली की खांद्यावर झोळी आणि झोळीत ही वही असायचीच. म्हणून एकदा सहज विचारलं होतं, एवढं काय लिहितेस गं?

पानावर तीन रकाने होते. पहिल्यात, ती ज्यांच्या घरी गेली होती त्या बाई काय म्हणाल्या, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात तेव्हा मला काय वाटलं. बाई म्हणाल्या होत्या, "हे हल्ली दुपारीच घरी येतात." त्यावर हिचं उत्तर, "बरं. रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे?" तिसरा रकाना कोरा. आणि त्या कोऱ्या जागेत हिरव्या शाईने, दुसऱ्याच अक्षरात, एक ओळ लिहिली होती: तिथे तुम्ही विषय का बदललात?

मी ते पान तीनदा वाचलं. बघा ना काय झालंय ते. नवरा दुपारीच घरी येतो, म्हणजे नोकरी गेली असेल, दारू असेल, आजार असेल, मारहाण असेल. बाईने दार इंचभर उघडून पाहिलं, समोरची आत येतेय का ते. आत जे असेल त्याला ही बावीस वर्षांची पोर घाबरली आणि रेशनकार्डाची कडी लावून तिने ते दार लोटून दिलं. हे तिला स्वतःला कळलंच नाही. लिहिल्यावरही नाही. हिरव्या शाईने विचारल्यावर कळलं.

समाजकार्याची पदवी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रक्तदान शिबिर, वह्यावाटप आणि बॅनर यायचं. तुमच्याही येत असेल. या पानानंतर मात्र मी चक्रावून गेलो. ऐकायला शिकवणारी पदवी? आणि तीसुद्धा इतक्या बारकाईने?

आता ही वही चालते कशी ते पाहा. आठवड्याचे साधारण दोन दिवस फिल्डवर्क असतं, मराठी पुस्तकांत क्षेत्रकार्य. कुणाला वस्ती मिळते, कुणाला रुग्णालय, कुणाला शाळा, कुणाला बालगृह. तिथे माणसांशी बोलायचं. बोलताना समोर वही उघडायची नाही, फोनवर रेकॉर्ड करायचं नाही. घरी येऊन झालेला संवाद आठवून, शब्दाला शब्द, लिहून काढायचा. याला म्हणतात प्रोसेस रेकॉर्डिंग. मग ही मुलं मेट्रोत ओठ हलवत का बसलेली असतात ते लक्षात येतं. विसरायच्या आत घोकत असतात!

पण आठवून का? यंत्र सगळं बिनचूक टिपेल की. गंमत इथेच आहे. यंत्र सगळं टिपतं आणि माणूस काही गाळतो. जे गाळलं, जे गुळगुळीत केलं, जिथे रकाना कोरा राहिला, नेमकं तिथेच शिकणाऱ्याचं दुखरं बोट असतं. हिरव्या शाईवाला सुपरवायझर त्या फटीच वाचत असतो. मग आठवड्यातून एकदा समोरासमोर बैठक, मुलांच्या भाषेत आयसी. गाण्याचा गुरू शिष्याचा एकच स्वर कुठे उतरला ते कान देऊन पकडतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे तंबोराही तुम्हीच. डॉक्टरकडे स्टेथोस्कोप असतो, गवंड्याकडे ओळंबा. समाजकार्यकर्त्याकडे तो स्वतः सोडून दुसरं हत्यार नाही. मग ते हत्यार आधी जुळवून नको का घ्यायला?

मदत करायला शिकावं लागतं, हे मुळात सुचलं कुणाला? आपल्याकडे दानधर्माला तोटा कधीच नव्हता. पण दान देणं निराळं, आणि समोरच्याच्या घरात नेमकं काय बिघडलंय हे शोधणं निराळं. अमेरिकेत मेरी रिचमंड नावाची एक बाई एका धर्मादाय संस्थेत हिशेब सांभाळायला लागली होती. तिने 1897 मध्ये म्हटलं की या कामाचं रीतसर शिक्षण हवं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. एवढ्याशा वर्गातून एक विद्याशाखा उभी राहिली! रिचमंडबाईंनी 1917 मध्ये 'सोशल डायग्नोसिस' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. विषय काय, तर एखाद्या कुटुंबाची अडचण समजून घ्यायला पुरावा कसा गोळा करायचा आणि कसा पारखायचा. हिशेबनिसाची शिस्त अशी माणसांच्या दुःखापर्यंत आली.

मुंबईही मागे नव्हती. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात वाचनालयं, रात्रशाळा असा व्याप वाढला, तेव्हा नुसती तळमळ पुरत नाही हे ध्यानात आलं असणार. 1920 मध्ये लीगने समाजसेवेचा छोटा प्रशिक्षणवर्ग चालवला. या देशातल्या अशा शिक्षणाची सुरुवात त्या वर्गापासून मानतात.

आणि मग नागपाडा. क्लिफर्ड मॅनशर्ट हा शिकागोत शिकलेला पाद्री अमेरिकन मराठी मिशनतर्फे 1925 मध्ये मुंबईत आला. त्याने नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' काढलं. वस्तीच्या मधोमध, जिथे शेजारी म्हणून राहायचं आणि शेजारी म्हणूनच काम करायचं, असं घर. इकडे 1932 मध्ये सर दोराबजी टाटांनी आपल्या संपत्तीचा मोठा ट्रस्ट उभा केला आणि त्याच वर्षी ते वारले. पैसा होता, तो द्यायचा कसा हा प्रश्न होता. मॅनशर्टचं म्हणणं, आधी देणारी माणसं घडवा. 1936 मध्ये नागपाड्याच्या त्याच घरात 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं. पहिल्या तुकडीत विद्यार्थी किती? वीस.

याच ट्रस्टच्या पैशातून पुढे 1941 मध्ये परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय उघडलं आणि 1945 मध्ये होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. म्हणजे कर्करोग आणि अणू यांच्याही आधी या पैशाने 'माणसाला मदत कशी करावी' हा प्रश्न अभ्यासाला घेतला होता. मला तर हा क्रमच थक्क करतो.

1944 मध्ये शाळेचं नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, आपली टिस. नागपाडा अपुरा पडला, तेव्हा संस्था काही वर्षं आमच्या अंधेरीत होती. 1954 मध्ये ती देवनारला गेली, जिथे शहराचा कचरा पडतो त्याच्या शेजारी. पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघातल्या भगिनींनी न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन सुरू केलं. 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आली. आज मरोळच्या मुलीला पर्याय सोपा आहे. एक मेट्रो घाटकोपरला नेते, तिथून देवनार. दुसरी जमिनीखालून दक्षिण मुंबईला.

पण वर्ग फक्त तिथे भरतो असं समजू नका. मरोळच बघा. विमानतळाच्या भिंतीपासून आरेच्या झाडीपर्यंत जेमतेम काही किलोमीटर. त्यात ईस्ट इंडियन लोकांचं जुनं गावठाण, क्रूस, कौलारू घरं. एमआयडीसी आणि सीप्झ. पाइपलाइनला चिकटलेल्या वस्त्या, वर काचेची हॉटेलं, पलीकडे आदिवासी पाडे, आणि या सगळ्याच्या अंगाने वाहणारी मिठी. पाऊण तासाच्या चालण्यात इतकी जगं एकमेकांना खेटून! विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात बहुधा हेच करायला लावतात: चाल आणि नकाशा काढ. नळ कुठे, संडास कुठे, अंगणवाडी कुठे, बायका कुठे थांबून बोलतात, पुरुष कुठे. आम्ही तीस वर्षं राहूनही हा नकाशा आम्हाला काढता येणार नाही.

नकाशाचा उपयोग काय? समजा, एका बाईला क्षयरोग झालाय. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे. औषध सरकारी, फुकट. दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो आणि बाई गोळ्या सोडते. डॉक्टर रागावतात, कागदावर 'उपचार सोडले' अशी नोंद होते. आता आमची वहीवाली मुलगी त्या घरी जाते. ती गोळ्यांचं विचारतच नाही. ती विचारते, "पाणी किती वाजता येतं?" पाणी येतं पहाटे चारला. बाई तीनपासून जागी. नऊला कामाला लागायचं, दवाखाना उघडतो त्याच वेळेला, आणि एका खाड्याचा पगार कापला जातो. वर सासूला आजार सांगितलेला नाही, त्यामुळे गोळ्या घरात ठेवायच्या कुठे? बघता बघता फुप्फुसातला रोग नळ, मालकीण आणि सासू यांच्यामध्ये पसरलेला दिसतो. एक्सरेत यातलं काही उमटतं का?

म्हणूनच 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, देशातली पहिली. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. समाजकार्य शिकलेल्या कितीतरी पदवीधरांनी कारखान्यांच्या दारात ती खुर्ची सांभाळली.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. विद्यार्थ्याला शिकायला पाठवायचंय, पण तसं काम करणारी संस्थाच अस्तित्वात नाही, तर? टिसच्या मंडळींनी संस्थाच काढली! स्वयंपाक शिकवायला घेतला आणि चूल नाही म्हणून आधी चूल घातली, त्यातला प्रकार. 1937 मध्ये शाळा जेमतेम वर्षाची असताना मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक निघालं. 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू झाला. पोलिसांच्या छपराखाली बसणारी, पण पोलीस नसलेली ताई. मार खाऊन आलेली बाई आधी तिच्यासमोर बसते. ही कल्पना पुढे राज्यभर पसरली. 1990 मध्ये कैद्यांसाठी आणि कोठडीतल्या माणसांसाठी 'प्रयास'.

1996 मध्ये टिसमध्ये शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी फोनसेवा सुरू केली. ही मुलं त्यांना रात्री-अपरात्री घरी फोन करायची, तिथून ते सुचलं. नंबर 1098. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोराने तो पाठ कसा करायचा? दस, नौ, आठ! उलटी गिनती. कुणीही, कधीही, झोपेतसुद्धा विसरणार नाही. आज ती सेवा सरकारच्या हाती आहे, नंबर तोच.

या सगळ्याचा शेवट त्या तीन रकान्यांत कसा जाऊन पोचतो, त्याचं एकच उदाहरण देतो. टिसच्या 'कोशिश' प्रकल्पाच्या चमूने बिहारमधल्या 110 निवासी संस्थांची पाहणी केली. 2018 मध्ये त्यातून मुजफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातले अत्याचार उघडकीला आले. तिथे आधीही तपासनीस येऊन गेले होते, रजिस्टरवर सह्या झाल्या होत्या. खाटा मोजून झाल्या, जेवणाचा तक्ता पाहून झाला. या मंडळींनी मुलींशी बोलून पाहिलं आणि मुली गप्प झाल्या, तिथे विषय बदलला नाही. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवलं.

खर्च, प्रवेश, नोकरी यांचंही विचारलं मी तिला. पदवी कुठल्याही शाखेची चालते. कॉमर्सवाले येतात, इंजिनिअरही येतात. अभ्यास दोन वर्षांचा. पगाराचं म्हणाल, तर ज्या कामाला इतकं शहाणपण लागतं त्याला आपण फारच थोडे पैसे देतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

त्या बाईकडे पुढच्या आठवड्यात ती परत गेली होती. काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, सांगायचंही नसतं. पण निघताना मी म्हणालो, "चला, आमच्याकडे सगळं ठीक आहे, आम्हाला तुझी गरज नाही." ती हसली आणि विचारलं, "काका, काकू हल्ली खाली फिरायला दिसत नाहीत?" मी म्हणालो, "मेट्रोला आज गर्दी होती का गं?"

तुमच्या वस्तीत, तुमच्या इमारतीत अशी झोळीवाली मुलगी किंवा मुलगा आला, तर पंधरा मिनिटं बसायला खुर्ची द्या.