सभेत बोलताना पाय का लटपटतात?

वस्तीतल्या नळाला पाणी येत नाही, हे ग्रामसभेत सांगायचं असतं. घरून निघताना सगळं पाठ असतं. पण "बोला ताई" म्हटलं की तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात, शब्द आठवत नाहीत. ताई खाली बसतात. विषय इतिवृत्तात येत नाही आणि नळ कोरडाच राहतो. म्हणून ही गोष्ट आरोग्याच्या पानावर.

ही भीती आजार नाही. धोका वाटला की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन रक्तात सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, लाळ आटते, तळहातांना घाम येतो. सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळले की मेंदू तोच इशारा देतो. पन्हाळ्याचा चढ पायी चढताना छाती अशीच धडधडते, पण कारण माहीत असल्यानं आपण घाबरत नाही. सभेतली धडधडही तशीच समजा. बोलायला लागल्यावर ती बहुधा ओसरते. आतली थरथर समोरच्यांना फारशी दिसतही नाही.

आपल्या भीतीला आणखी एक मूळ आहे. आपल्या पूर्वजांना गावाच्या बैठकीत जागाच नव्हती. याच जिल्ह्यातल्या माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब. शाहू महाराजही आले होते. तिथं आपल्या माणसांनी आपले प्रश्न आपल्या तोंडानं मांडले.

बाबासाहेबांनाही तयारी हवी असायची. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांचं नाव अचानक पुकारलं गेलं. आपली पाळी उद्या येईल, असं त्यांना वाटत होतं. आज तयारी करून आलो नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच मोकळेपणानं सांगितलं आणि मग ते बोलले. पाठीशी अनेक वर्षांचा अभ्यास होता. आपणही तयारी करूनच जाऊ.

आधीची तयारी : एकच विषय घ्या. अडचण काय, किती दिवसांपासून, आम्हाला काय हवं, अशी तीन वाक्यं मोठ्या अक्षरात लिहा. लिहिता येत नसेल तर तीन बोटांवर धरा. पहिलं वाक्य पाठ करा. शेजारणीसमोर पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हणा.

सराव : विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना आवाज कापत नाही. तिथूनच सुरुवात करा. आधी एखादी सूचना द्या, मग आभार माना, मग १४ एप्रिलला दोन मिनिटं बोला. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा नियम आहे. तिथंही बोला.

त्या दिवशी : उपाशी जाऊ नका. चहावर चहा, तंबाखू, मिश्री टाळा. त्यानं धडधड वाढते. पाण्याची बाटली जवळ ठेवा. नाव पुकारण्याआधी नाकानं श्वास घेत मनात चार मोजा, सोडताना सहा. असं पाच-सहा वेळा करा. ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून बोला. विसरलात तर थांबा आणि कागद बघा.

हे करू नका : धडधड थांबावी म्हणून दुसऱ्याची बीपीची गोळी घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्या दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतात. धीर यावा म्हणून दारूही नको.

डॉक्टरांकडे कधी? बोलायच्या भीतीनं मूल शाळा टाळत असेल, नोकरी-मुलाखत सोडावी लागत असेल, तर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ती सभेची भीती समजू नका. लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या ग्रामसभेला दोघी-तिघी मिळून जा. एक बोलेल तेव्हा बाकीच्या शेजारी उभ्या राहा. आवाज कापला तरी चालेल; विषय इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.

जयभीम!