घरी घासलेला आरसा

दुर्बीण ही कारखान्यातून विकत आणावयाची वस्तू, हा समज आपल्याकडे दृढमूल झाला असला, तरी जिचा सारा प्राण एका अंतर्वक्र आरशात आहे अशी न्यूटनी पद्धतीची दुर्बीण चिकाटीच्या कोणाही गृहस्थास घरी सिद्ध करता येते. दस्तुरखुद्द न्यूटनने १६६८ साली आपल्या दुर्बिणीचा धातूचा आरसा स्वहस्ते घासला; आणि पेशाने संगीतकार असलेल्या विल्यम हर्शेलला १७८१ मध्ये युरेनस दिसला, तो बाथ येथे स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतूनच.

या कसबाला लागतात काचेच्या दोन जाड चकत्या. एक पिंपावर घट्ट बसवावी, तिच्यावर ऐंशी नंबरच्या कार्बोरंडमची पूड व थोडे पाणी घालावे, आणि दुसरी वर ठेवून पुढेमागे घासत, मधूनमधून ती हातात फिरवीत, स्वतःही पिंपाभोवती पावलापावलाने सरकत राहावे. वरची काच कडेबाहेर जाते तेव्हा दाब तिच्या मध्यावर आणि खालच्या काचेच्या कडेवर एकवटतो. सबब वरची खोलगट होते, खालची फुगीर. कोणत्याही दिशेने सरकविले वा फिरविले तरी परस्परांना सर्वत्र चिकटून राहू शकणारे वक्र पृष्ठभाग केवळ गोलाचेच असल्यामुळे, जो हात एकही फेरा दुसऱ्यासारखा मारीत नाही, त्याच्या अनियमिततेतूनच निर्दोष गोलाकार जन्मास येतो. नवशिक्याचा अकुशल हात येथे उणीव ठरत नाही, हे या विद्येचे औदार्य मला फार मोलाचे वाटते.

सहा इंची आरशाला अठ्ठेचाळीस इंचांचे नाभीय अंतर द्यावयाचे, तर मध्याची खोली सव्वा मिलिमीटरही भरत नाही. पुढे पूड क्रमाक्रमाने बारीक होत जाते, आणि प्रत्येक पायरीला हात, भांडी, टेबल धुऊन काढावे लागते. मागे राहिलेला एक भरड कण साऱ्या श्रमांवर ओरखडा उमटवू शकतो. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडने झिलई चढते.

खरा निवाडा होतो तो फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने १८५८-५९ च्या सुमारास शोधलेल्या परीक्षेत. आरशाच्या वक्रताकेंद्रापाशी सूक्ष्म दिवा ठेवून परतणाऱ्या किरणांत दाढीचे पाते हळूहळू सरकविले, की निर्दोष गोल एकदम, सारखाच काळवंडतो; दोष असल्यास टेकड्या व दऱ्या उठावाने दिसतात. काचेवर अंगठा मिनिटभर टेकविला, तर त्या उबेने आलेला फुगवटाही तेथे उमटतो! एवढ्या तीक्ष्ण साक्षीची गरज आहेच, कारण ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणणारा पृष्ठभाग गोलाचा नसून अन्वस्ताचा असतो, आणि वरील मापाच्या आरशात या दोहोंतील कडेचा फरक मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम तीन भरतो. नवशिक्याने पहिल्या खेपेस याहून मोठी काच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अल्युमिनियमचा लेप मात्र निर्वात यंत्रातच चढतो. तेवढे काम बाहेर द्यावे.

रसेल पोर्टरने १९२० साली व्हरमाँटमधील स्प्रिंगफील्ड गावी यंत्रकामगारांना ही विद्या शिकविली, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही दुर्बीण-निर्मितीच्या कार्यशाळा भरल्या आहेत. परंतु ती रस्त्यावर आणली जॉन डॉबसनने. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातील या साधूने जहाजाच्या खिडकीच्या काचेपासून आरसा घासला, आणि १९६७ मध्ये मठ सुटल्यावर पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र व शनी दाखविले. पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडची पेटी यांची त्याची बैठक साध्या सुतारकामाने तयार होते, लेथ लागत नाही. म्हणून घरी दुर्बीण बांधणारे बहुतेक जण आज तीच पत्करतात.