मीठ नसलेला खारटपणा

ग्लास नाकाशी नेला की आधी येतो उसाच्या ताज्या चिपाडाचा वास. रसवंतीच्या चरकाशेजारी उभं राहिल्यावर येतो तोच, हिरवट, गवती. त्यामागून मात्र वेगळंच काही येतं: खारवलेल्या ऑलिव्हचा, समुद्री शेवाळाचा वास. मग एक लहानसा घोट, आणि जीभ सांगते की हे खारट आहे!

ही ‘कोर कोर’ रम, हिरव्या लेबलची. ती बनते जपानच्या मिनामी दाइतो बेटावर. ओकिनावाच्या मुख्य बेटाच्या पूर्वेला सुमारे ३६० किलोमीटरवर, भर समुद्रात हे प्रवाळाचं बेट आहे. चहूबाजूंनी उभे कडे असल्यानं जहाज धक्क्याला टेकत नाही. माणसांनाही पिंजऱ्यात बसवून क्रेननं उचलून किनाऱ्यावर उतरवतात. १९०० साली हाचिजो बेटावरून आलेल्या लोकांनी इथं वस्ती केली आणि ऊस लावला. ऊस वाहणारी छोटी रेल्वे १९८३पर्यंत इथं धावत होती. रम मात्र अलीकडची. एका दूरसंचार कंपनीत काम करणाऱ्या किंजो युको यांनी २००४मध्ये ‘ग्रेस रम’ ही कंपनी सुरू केली आणि भट्टी थाटली ती बेटावरच्या जुन्या विमानतळाच्या इमारतीत.

जगातली बहुतेक रम मळीची असते, आपल्याकडचीही. साखर काढून घेतल्यावर उरलेली दाट, काळी मळी टाकीत महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे रम केव्हाही करता येते. हिरव्या लेबलची रम मात्र थेट उसाच्या रसाची, आणि रसाला तेवढा धीर नसतो. ऊस तोडला की त्यातली साखर फुटू लागते, जिवाणू कामाला लागतात. म्हणून रसाची रम तोडणीच्या हंगामातच, ऊस ताजा असतानाच करावी लागते. रस साखर कारखान्यात आटवला जात नाही, त्यामुळे त्याचा हिरवा वास बराचसा वाचतो. ‘कोर कोर’ची लाल लेबलची रम मळीची आहे. बेट एकच, ऊसही बेटाचाच, पण दोन्ही शेजारी ठेवून हुंगल्या तर एकीत काकवी आठवते आणि दुसरीत शेत.

मग खारटपणा कुठून आला? समुद्राच्या वाऱ्यानं उसावर मीठ बसतं, तेच बाटलीत उतरलं, असं वाटणं साहजिक आहे. पण मीठ वाफेबरोबर वर चढत नाही. आंबवलेला रस तापवला की अल्कोहोल, थोडं पाणी आणि वासाची द्रव्यं वर जातात. मीठ भांड्यातच राहतं. साखरही तिथंच राहते, म्हणून अशी रम मुळात गोड नसते. खारट भास होतो तो वासामुळं. ऑलिव्ह, शेवाळ, खारवलेली मासळी हे वास आपण आयुष्यभर मिठाच्या जोडीनंच अनुभवलेले असतात. तसा वास आला की मेंदू मीठ स्वतःहून मिसळतो.

तेज रमचा दाहही असाच चकवतो. हिरव्या लेबलची ही रम ४० टक्के अल्कोहोलची. उसाच्या रसाच्या काही रम ५० टक्क्यांच्याही वर असतात. त्यांचा घोट घशाला पोळतो, पण त्यात उष्णता नसते. मिरचीनं चेतणारा जो संवेदक आपल्या तोंडात आहे, तो एरवी साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोल असलं की तो ३४ अंशांनाच जागा होतो. म्हणजे आपल्याच तोंडाची ऊब आपल्याला चटका देते.

तेज मद्यात थोडं पाणी घातलं की वास खुलतो, हा जाणकारांचा अनुभव. स्वीडनच्या लिनीअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७मध्ये संगणकावर व्हिस्कीचे रेणू हलवून पाहिले. धुरकट वासाचं ग्वायाकॉल ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलनं वेढलेलं राहतं. ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणलं की पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाच्या जवळ येतं. म्हणून तेज रम चाखायची ती थेंबाथेंबानं पाणी घालत, आणि दर थेंबानंतर पुन्हा हुंगून.

मद्य न घेणाऱ्यांनाही वासाची ही किमया घरी पाहता येईल. नाक चिमटीत घट्ट धरा आणि गुळाचा खडा तोंडात टाका. नुसता गोडवा लागेल, साखरेसारखा. आता नाक सोडा. गूळ तेव्हा गूळ होतो.