क्षयजंतू आणि ताप

क्षयाच्या तापाने रुग्ण खंगतो, जंतू मात्र टिकतो. असे का, असे एका देणगीदार सद्गृहस्थांनी विचारले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. तरी वाचनात आले ते नमूद करतो.

प्रथिनाची साखळी ठरावीक घडीत बसल्याखेरीज उपयोगाची नसते. उष्णतेने ही घडी विस्कटते. ती सावरण्यास जंतूपाशी ‘ग्रोईएल’ नावाचे प्रथिन असते. क्षयजंतूत त्याची दोन जनुके असून दुसऱ्यावाचून तो जगत नाही. मात्र ती सदैव पूर्ण वेगाने चालविणे ही उधळपट्टी होय. म्हणून ‘एचआरसीए’ हे प्रथिन जनुकाच्या आरंभी बसून लगाम घालते व उष्णता वाढताच तो लगाम सैल होतो. आमच्या लेखापालांनाही ही मंजुरीपद्धती पटावी!

आतड्यातील ई. कोलाय जंतूत ग्रोईएलचे 14 घटक दोन कड्यांत रचलेले असतात. नागपूर विद्यापीठाचे माजी विद्यार्थी डॉ. शेखर मांडे व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हैदराबादेत दाखविले की, प्रयोगशाळेत तयार केलेले क्षयजंतूचे ग्रोईएल लहान गटांतच राहते.

त्यास निकामी करणारे औषध अद्याप रुग्णांच्या हाती आलेले नाही. तोवर ताप उतरताच गोळ्या सोडणाऱ्यांस आमच्या परिचारिका भंडारा परिसरातील गावोगावी जाऊन परत बोलावितात.