सिमवालं रनिंग घड्याळ: नवं काय, कामाचं काय?
गोंदियाच्या धावपटूंनो, आता फोन घरी ठेवून पळा! घड्याळातल्या ई-सिमवरून कॉल लागतो, घरच्यांना तुमचं लोकेशन दिसतं. ॲपल वॉचची सेल्युलर सोय भारतात २०१८ मध्ये जिओ आणि एअरटेलवर सुरू झाली. आता वरच्या किमतीच्या मॉडेलांत एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सींचं जीपीएस मिळतं; दाट झाडीतही अंतर कमी चुकतं.

एक लक्षात घ्या: जीपीएसला टॉवर लागत नाही, कॉलला लागतो. नागझिऱ्याच्या बाजूने पळताना रेंज गेली, तरी किलोमीटर मोजले जातील. पण साध्या एलटीई घड्याळावरून मदतीचा निरोप जाणार नाही. शिवाय एलटीईवर बॅटरी भराभर उतरते. म्हणून जंगलाकडे निघताना घरी वाट सांगा आणि सोबत जोडीदार घ्याच.