निवडणूक-न्यायनिर्णयांचे पालन

मतदान करणे, उमेदवार म्हणून उभे राहणे आणि ठराविक मुदतीनंतर निवडणूक होणे या हक्कांविषयीच्या वादांत न्यायालयांनी दिलेले निर्णय राज्यसंस्थेने प्रत्यक्षात आणणे, म्हणजे निवडणूक-न्यायनिर्णयांचे पालन होय. इतर दाव्यांत विलंबाने मिळालेल्या न्यायालाही काही किंमत असते. निवडणुकीच्या बाबतीत मात्र काळ हाच हक्काचा गाभा असतो. मुदत उलटून गेल्यावर मिळालेला निर्णय पक्षकाराला त्याची जागा देऊ शकत नाही आणि मतदाराला त्याचा प्रतिनिधीही देऊ शकत नाही. म्हणून पालनाचा विचार करताना निर्णय मानला की नाही एवढेच न पाहता तो केव्हा अंमलात आला, हेही पाहावे लागते.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था : मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या (१९४८) एकविसाव्या अनुच्छेदात आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (१९६६) पंचविसाव्या अनुच्छेदात नियतकालिक व खऱ्या निवडणुकांचा हक्क नमूद आहे. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निर्णयांच्या अंमलबजावणीवर यूरोप परिषदेची मंत्रिसमिती देखरेख ठेवते. तिचा अनुभव संमिश्र आहे. कैद्यांच्या मताधिकारासंबंधी ब्रिटनविरुद्ध २००५ मध्ये लागलेल्या निर्णयाची देखरेख, मर्यादित प्रशासकीय बदलांनंतर, २०१८ मध्ये संपली. बॉस्निया व हेर्झगोव्हीना येथील ज्यू व रोमा नागरिकांना सर्वोच्च पदांची निवडणूक लढविता येत नाही, हा पक्षपात असल्याचा निर्णय २००९ मध्ये लागला. परंतु पंधरा वर्षे उलटली तरी त्यानुसार संविधान बदलले गेले नाही. बेल्जियममध्ये चौदा मतांनी जागा गमावलेल्या उमेदवाराने वीस हजारांहून अधिक बाद मतपत्रिकांच्या फेरतपासणीची मागणी केली आणि ती प्रादेशिक विधिमंडळानेच फेटाळली. निकालात ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत त्यानेच न्याय करू नये, असे न्यायालयाने या प्रकरणी २०२० मध्ये ठरविले.

भारताने उपर्युक्त आंतरराष्ट्रीय करार १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. तथापि वैयक्तिक तक्रारीची सोय करणारा त्याचा ऐच्छिक पूरक करार स्वीकारला नाही. परिणामी भारतीय मतदाराला निवडणूकविषयक हक्कांची दाद देशांतर्गत न्यायालयांतच मागावी लागते आणि पालनाचा प्रश्नही केंद्र शासन, राज्य शासने आणि निवडणूक आयोग यांच्यापुरता राहतो.

भारतातील चौकट : निवडणूक सुरू झाल्यावर न्यायालयांनी मध्येच हस्तक्षेप करू नये, निकालानंतर निवडणूक अर्जाद्वारेच दाद मागावी, असे तत्त्व संविधानाच्या ३२९ (ख) व २४३ यछ या अनुच्छेदांत आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकीविरुद्धचा अर्ज राजपत्रात निकाल प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत जिल्हा न्यायाधीशाकडे करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या साहाय्यार्थ वागण्याचे बंधन सर्व प्राधिकाऱ्यांवर अनुच्छेद १४४ अन्वये आहे. अवज्ञा केल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते.

पालनाचे प्रकार : पहिला प्रकार तत्पर पालनाचा. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिला आणि त्याच वर्षाअखेरच्या विधानसभा निवडणुकांत तो पर्याय मतदानयंत्रावर आला. दुसरा प्रकार कायदाच बदलून निर्णय निष्प्रभ करण्याचा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी इंदिरा गांधी यांची निवड रद्द केल्यावर एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिच्यातील संबंधित खंड सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी अवैध ठरविला. मात्र दरम्यान लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात झालेल्या बदलांच्या आधारे त्यांची निवड कायम राहिली. तिसरा प्रकार कालहरणाचा. विलेपार्ले येथील १९८७ च्या पोटनिवडणुकीतील निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला, तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षे लोटली होती. येथे विलंब शासनाचा नसून न्यायप्रक्रियेचाच होता, हे लक्षात घ्यावे लागते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर : ठाणे जिल्ह्यात कल्याण-कर्जत लोहमार्गावरील ही तीन सलग शहरे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरात १९९६ पासून महानगरपालिका आहे. अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर ही शहरे काही काळ कल्याण महानगरपालिकेत होती. १९९२ मध्ये ती वेगळी होऊन तेथे नगरपरिषदा आल्या. संविधानाच्या २४३ प या अनुच्छेदानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही व मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण व्हावी लागते. ही तरतूद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर प्रकरणी (२००६) सांगितले होते.

अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर येथे २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांची मुदत २०२० मध्ये संपली. कोविड साथीमुळे निवडणुका लांबल्या व प्रशासक नेमले गेले. साथ ओसरली, तरी निवडणुका झाल्या नाहीत. कारण तोवर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणी तीन अटी घातल्या : समर्पित आयोगाची नेमणूक, संस्थानिहाय माहितीवर आधारित प्रमाण आणि एकूण आरक्षणास ५० टक्क्यांची मर्यादा. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार शासनाकडे घेणारा कायदा केला. ४ मे २०२२ रोजी न्यायालयाने, त्या कायद्यापूर्वीच्या रचनेवर निवडणुका पुढे नेण्याचा आदेश राज्य निवडणूक आयोगास दिला. जुलैमध्ये बांठिया आयोगाचा अहवाल आला. ऑगस्टमध्ये प्रभागसंख्या पुन्हा बदलली गेली आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयानेच ‘जैसे थे’ स्थितीचा आदेश दिला. त्याच वर्षी उल्हासनगर महानगरपालिकेचीही मुदत संपून तेथे प्रशासकीय राजवट आली होती.

ही कोंडी ६ मे २०२५ रोजी फुटली. बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढावी व शक्यतो चार महिन्यांत त्या पार पाडाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. ती मुदत पाळली गेली नाही. सप्टेंबरमध्ये नाराजी व्यक्त करून न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ही सीमा आखून दिली. त्यानंतर बदलापूर येथे २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. अंबरनाथमध्ये ते २० डिसेंबरला झाले, कारण उमेदवारीविषयक अपिलांच्या निकालानंतर माघारीसाठी नियमानुसार द्यावयाचा अवधी काही ठिकाणी मिळाला नव्हता व आयोगाने तेथील मतदान पुढे ढकलले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशामुळे सर्वत्र मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. उल्हासनगरात १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. आरक्षण ५० टक्क्यांपलीकडे गेलेल्या संस्थांचे निकाल मात्र अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले गेले.

मूल्यमापन : औपचारिक दृष्ट्या येथे आदेशाचे पालन झाले. तथापि अंबरनाथ व बदलापूर येथे साडेपाच वर्षे, म्हणजे सभागृहाच्या एका पूर्ण मुदतीहून अधिक काळ, निर्वाचित सभागृह नव्हते. या काळात अंदाजपत्रक, कर व ठेके यांविषयीचे सभागृहाचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे होते; पाणी वा कचरा यांविषयी प्रभागातील नागरिकाने जाब विचारावा असा नगरसेवक नव्हता. २०१५ च्या मतदानानंतर लगेच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणाला आपल्या नगरपरिषदेसाठी पहिले मत देता आले, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. हे नुकसान कोणत्याही निवडणूक अर्जाने भरून निघत नाही.

या विलंबाचे खापर एकाच घटकावर फोडता येत नाही. साथ, शासनाचे बदलते कायदे, आयोगाची सावध भूमिका आणि न्यायालयाचा स्वतःचा स्थगितीसदृश आदेश या सर्वांचा त्यात वाटा होता. आरक्षणाचा वाद गौण नव्हता. वंचित समाजांचे प्रतिनिधित्व हाही समतेचाच प्रश्न होय. परंतु एक हक्क तपासण्यासाठी दुसरा हक्क अनिश्चित काळ थांबवावा का, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न आहे. सुरेश महाजन प्रकरणी (मे २०२२) सर्वोच्च न्यायालयाने, आरक्षणाच्या अटी पूर्ण झाल्या नसल्या तरी निवडणुका रोखू नयेत, असेच म्हटले होते. निर्णय अंतिम निकालाच्या अधीन ठेवून निवडणूक वेळेवर घेणे, हा २०२५ मध्ये स्वीकारलेला मार्ग त्याच तत्त्वाचा आविष्कार आहे. तो आधीच्या वर्षांतही उपलब्ध होता.