परसातले शेजारी (भाग ७) : मुंगीची कंबर पाहा

काळी मुंगी गरीब, लाल मुंगी डसणारी, हा आपला घरगुती हिशेब. परसात उतरलं की तो कोलमडतो. कोकणात आंब्या-काजूवर पानं शिवून घरटं करणारी ओंबील तांबूस असते, पण तिला नांगीच नाही. ती कडकडून चावते आणि वर आम्ल सोडते, म्हणून आग होते. उलट दगडाखाली, झाडाच्या बुंध्याशी राहणारी काळी डायाकॅमा चांगलाच डंख मारते.

तेव्हा रंग सोडा आणि कंबर पाहा. मुंगीची छाती आणि पोट यांच्यामध्ये एक बारीक देठ असतो. त्यावर गाठ एक आहे की दोन, हा पहिला प्रश्न. सुरुवात मुंगळ्यापासून करावी, कारण तो चांगला मोठा असतो. पारदर्शक डबीत घालून काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की गारठून संथ होतो. मग भिंगातून बाजूने बघा : देठावर एकच उभी गाठ दिसेल. पोटाच्या टोकाशी केसांची झालर असलेलं बारीक गोल छिद्र असतं. आम्ल तिथून सुटतं.

आता कुंडीतल्या भुसभुशीत ढिगाऱ्यातली लाल मुंगी घ्या, जरा जपून. तिच्या देठावर दोन गाठी असतात. ती आधी जबड्याने कातडी पकडते, मग पोट वाकवून नांगी खुपसते, तीही पुन्हा पुन्हा. ही सोलेनॉप्सिस जेमिनाटा मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, पण आता आपल्याकडे मुक्कामालाच आहे. तिच्या वारुळात काही कामकरी मुंग्या मोठ्या डोक्याच्या असतात. त्यांना वेगळी जात समजू नका. त्या बिया फोडणाऱ्या, त्याच घरातल्या बहिणी.

एक गाठ म्हणजे नांगी नाही, असा नियम मात्र करू नका. डायाकॅमालाही गाठ एकच. तिची ओळख पटते ती बिळावरून. तोंडाशी पिसं, काटक्या, मेलेल्या मुंग्यांची कवचं मांडलेली असतात. आत राणी नसते, एक कामकरी मुंगीच अंडी घालते.

काहींना भिंग लागतच नाही. बदामी पोट पाठीवर उचलून धरणारी क्रिमॅटोगॅस्टर आणि लांब पायांवर सैरावैरा पळणारी पॅराट्रेकिना चालीवरूनच कळतात.

ओंबिलीच्या झाडावर एखादी ‘मुंगी’ एकटीच फिरत असेल तर तिचे पाय मोजा. आठ भरले तर तो कोळी आहे, पुढचे दोन पाय मिशांसारखे नाचवणारा. माझ्या मते परसातला सर्वात मजेदार बहुरूपी हाच.

या आठवड्यात एका कागदावर चिमूटभर साखर आणि सुकटाचा तुकडा ठेवा, कोण कशावर येतं ते टिपा आणि फोटो पाठवा. फोटो बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोत गाठी नीट मोजता येत नाहीत.